घासलेल्या नऊ चकत्या

सोमवारी सकाळी लॅबचं दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा मला एवढंच वाटलं की आज इथं लई स्वच्छ दिसतंय. बेसिनशेजारच्या फळीवर माझ्या बारा बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, काचा पुसलेल्या, बहुतेकींत पाणी अगदी गळ्यापर्यंत. शनिवारी मी त्या तिथं ठेवल्या तेव्हा सगळ्या अर्ध्याच भरलेल्या होत्या आणि आतलं पाणी जरा दुधाळ होतं. आता ते नळाच्या पाण्यासारखं आरपार दिसत होतं. नळाच्या पाण्यासारखं का दिसतंय हे मला कळायला लागलं होतं, पण मी ते डोक्यात येऊ देत नव्हते. एक बाटली उचलली, खिडकीकडं धरली. तळाशी माझी चकती होती, रुपयापेक्षा लहान, मळकट पिवळसर, भट्टीतून निघाली होती तशीच. तिच्यावरचं पांढरं गेलं होतं.

अकरा दिवस मी ते पांढरं वाढायची वाट बघत होते.

ते पांढरं म्हणजे काय ते पटकन सांगते, कारण ते कळलं नाही तर माझी त्या दिवशी काय हालत झाली तेही कळणार नाही. मी कॅल्शियम सिलिकेटवर काम करते. सिमेंटमधला जो भाग पाणी लागलं की घट्ट होतो, त्याचा हा शुद्ध भाऊ समजा. दातांचे डॉक्टर असलं मटेरियल दाताच्या मुळात भरतात. आम्हाला त्यानं हाडातली पोकळी भरायचीय, म्हणजे अपघातात हाडाचा तुकडा गेला तर तिथं हे बसवायचं आणि हळूहळू हाडानं त्याची जागा घ्यायची. अडचण अशी की ताजी चकती ओल्या जागी ठेवली की ती चुना सोडते. आजूबाजूचं पाणी चुन्याच्या निवळीसारखं जहाल होतं, पीएच भराभर चढतो आणि शेजारच्या जिवंत पेशी मरतात. ज्या हाडाला मदत करायची त्याच हाडाच्या पेशी.

घरी हे समजावायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती, कारण माझे अप्पा हौद बांधतात. आमच्या शहरात नळ रोज येत नाही, त्यामुळं घर म्हणलं की खाली हौद पाहिजेच, आणि करमाडहून गाडीवर रोज शहरात जाणारे अप्पा कधी कामावाचून बसलेले मला आठवत नाहीत. नवा हौद भरला की पहिलं पाणी बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं. त्यात मासे सोडले तर मरतात. म्हणून हौद भरायचा, काही दिवस ठेवायचा, उपसायचा, परत भरायचा. माझं सगळं ऐकून अप्पा म्हणाले होते, "म्हंजी तू बी हौदच धुतीस. मग त्याला एवढं शिक्षण कशाला लागतंय?"

मी म्हणलं, आमचा हौद माणसाच्या आत बसवायचाय अप्पा. तर म्हणे, मग दोन पाणी जास्त धू.

धुतल्या होत्या ना. तेच तर. पहिल्या वेळी मी चकत्या भट्टीतून काढून तशाच टेस्टला दिल्या होत्या. दुसऱ्या वेळी दोन आठवडे डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून, रोज पाणी बदलून दिल्या. टेस्ट आमच्याकडं होत नाही. पेशी वाढवायची सोय क्रांती चौकाच्या पलीकडं एका कॉलेजात आहे, आणि तिथं पीएचडीच्या शेवटच्या वर्षाची एक सीनियर सगळं सांभाळते. तिला सगळे आपा म्हणतात, मीही म्हणते. आपा पेशींना 'बच्चे' म्हणते. ते बच्चे ज्या पाण्यात वाढतात ते केशरी-लाल असतं आणि पीएच चढला की राणी कलरचं होतं, अगदी शहागंजात साडीवाला पुढ्यात फेकतो तसल्या राणी कलरचं. माझ्या चकत्या त्यात टाकल्या की दोन्ही वेळा तासाभरात राणी कलर. दुसऱ्या वेळी आपानं हातमोजे काढत काढत म्हणलं, "तेरी चकती फिर मेरे बच्चे खा गई. क्या दुश्मनी है तेरी मेरे से?"

आणि सरांनी, म्हणजे माझ्या गाइडनी, आवाज न चढवता सांगितलं, "दोनदा मेल्या. तिसऱ्यांदा मेल्या तर हा विषय बंद. दुसरा शोधायचा." दोन वर्षं मी हाच विषय खाल्ला-प्यायला होता. दुसरा विषय म्हणजे परत रजिस्ट्रेशनचा फॉर्म, परत पहिलं पान. आणि माझ्या बरोबरच्यांचे तोपर्यंत पेपर येणार.

तिसऱ्या वेळेसाठी मी पद्धत बदलली. चकती फॉस्फेट घातलेल्या पाण्यात ठेवायची, त्यात रक्तात असतात तसले क्षार, आणि अंगाला असते तेवढी ऊब. मग चकतीतून निघणारा चुना बाहेर पळायच्या आधीच फॉस्फेटला भेटतो आणि चकतीवरच बसतो. त्याचा पांढरा थर होतो, खडूसारखा. तो जवळपास हाडातल्या खनिजासारखा असतो. चुना आत कोंडला जातो आणि पेशींना बाहेरून ओळखीचं काहीतरी दिसतं. निदान मी तसं मानून चालले होते. चौदा दिवस ठेवायचं होतं. गुरुवारी आपाकडं माझा नंबर होता, गुरुवार ते शनिवार, आणि त्यानंतर तिच्या पेशी दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला जाणार होत्या.

रविवारी दिवसभर लाईट जाणार असल्याची नोटीस लागली होती. बाटल्या ज्या कोमट पाण्याच्या टबात ठेवल्या होत्या तो बंद पडून गार होणार, म्हणून शनिवारी मी त्या काढून बेसिनशेजारच्या फळीवर ठेवल्या. उन्हाळ्यात त्या भिंतीला दिवसभर ऊन लागतं, ती तव्यासारखी तापते. मला वाटलं मी लई हुशारी केली. ती फळी कशाची आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या फळीवर पाणी भरून ठेवतात. कॅन, जग, प्यायच्या बाटल्या, सगळं तिथंच. आणि माझ्या बाटल्यांवर मी लेबल म्हणून फक्त एक ते बारा आकडे टाकले होते.

मावशी झाडू घेऊन आल्या. त्या आमच्या विभागात साफसफाई करतात, एजन्सीमार्फत लागलेल्या, पण विभागातल्या निम्म्या लोकांपेक्षा जुन्या.

"मावशी, या बाटल्या कुणी भरल्या?"

"मी. काल नळ आला व्हता ना. रविवार असून मुद्दाम आले." त्या खुशीत होत्या. "लाईट नव्हती तर मोटर नाय, सगळं खालून हातानं आणलं बघ. आन् तुझ्या बाटल्यांत कवाचं शिळं पाणी. वर साय धरली व्हती."

"ओतलं?"

"ओतलं की. नवं पाणी आल्यावर शिळं ठिवत्यात का? डास व्हत्यात त्यात. मागं नगरपालिकावाले आले तर पयलं मलाच बोलले." त्यांनी एक बाटली उचलून मला दाखवली, जणू काही मी ती पहिल्यांदाच बघतेय. "पयलं गढूळ आलं ते जाऊ दिलं. निवळ आलं तवा भरल्या. आन् त्या टिकल्यांना पांढरं चिकटलं व्हतं, लई चिवट. ते बी काढलं. घासणी नाय लावली बरं का, चरा पडंल म्हणून. अंगठ्यानं काढलं."

मी एकेक बाटली उजेडाकडं धरून बघायला लागले. 

"तीन मात्र ऱ्हायल्या," मावशी म्हणाल्या. "झाकणंच निघंनात. क्षार धरलाय झाकणाला. तू काढून दी, आता घासती."

"नको," मी म्हणलं, आणि ते इतक्या जोरात निघालं की त्यांनी झाडू थांबवला. "म्हणजे राहू द्या. मी करते."

चार, सात आणि अकरा. या तीन बाटल्या मी दोन्ही हातांनी धरून टेबलावर नेल्या. दुधाळ पाणी, वर साय, आणि आत खडूसारखी पांढरी चकती. पेशींच्या टेस्टला एका प्रकारच्या कमीत कमी तीन चकत्या लागतात, त्याखाली आपा हातही लावत नाही. माझ्याकडं बरोबर तीन होत्या. जास्तीची एकही नाही, तडा गेला तर बदलायला नाही, हातातून सुटली तर नाही. आणि नऊ घासलेल्या.

सर परीक्षक म्हणून बाहेरगावी गेले होते, गुरुवारी सकाळी येणार होते. अकराच्या सुमारास त्यांचा फोन आला. 

"थर कसा आलाय?"

"आलाय सर."

"सगळीकडं सारखा?"

मी बाटली नंबर चारकडं बघत होते. "हो सर."

  फोन ठेवल्यावर मी स्वतःला सांगितलं की खोटं काहीच बोलले नाही, चारवर थर सगळीकडं सारखाच आहे. मग मी काय केलं, तर ताजं फॉस्फेटचं पाणी तयार केलं. पूर्ण लिटरभर. पीएच लावला, गाळलं, नऊ बाटल्या रिकाम्या करून ओळीनं मांडल्या. तीन दिवसांत थोडं तरी पांढरं येईल. वरून बघणाऱ्याला चौदा दिवसांचं काय आणि तीन दिवसांचं काय, पांढरं ते पांढरंच. बाराच्या बारा देता येतील, कुणाला कळणार नाही, मावशींचंही नाव कुठं येणार नाही. हे शेवटचं कारण मी लई घोळवत होते, कारण त्यानं मला चांगलं वाटत होतं. मावशींचं नाव आलं तर एजन्सी दुसरं माणूस पाठवते, हे खरंच होतं.

पण मी ते पाणी बाटल्यांत ओतलं नाही. फार मोठं काही मनात आलं म्हणून थांबले असं नाही. रोजची वही समोर उघडी होती आणि त्यात आजच्या तारखेखाली काय लिहायचं ते सुचेना. 'द्रावण बदलले' असं लिहिलं आणि खोडलं. सरांच्या नियमात खोडलेलं दिसायला पाहिजे, एकच रेघ मारायची, त्यामुळं ते तिथं तसंच दिसत राहिलं. चार वाजता मी नऊ चकत्या काढून कोरड्या कागदावर मांडल्या, पाण्याचा फ्लास्क बंद केला आणि क्रांती चौकातून जालन्याकडची बस धरली.

घरी जेवायला बसलो तेव्हा अप्पांना विचारलं. सरळ नाही विचारलं.

"अप्पा, नवा हौद चार-पाच पाण्यानं धुतला, पाणी गोडं यायला लागलं, आणि मग कुणी आतून घासला तर काय होतं?"

"कुणी घासला?"

"समजा."

"समजा कशाला. शहागंजात एकानं केलं की." अप्पांनी भाकरी मोडली. "पाच पाण्यात हौद निवला व्हता. ह्यो बाबा आत उतरला, पांढरं दिसतंय म्हणून तारेचा ब्रश घिऊन सगळं खरवडलं. दुसऱ्या दिशी परत पाणी बुळबुळीत. मंग मला फोन. म्हणे मिस्त्री, तुमी खराब सिमेंट लावलं."

"मग?"

"मग काय. पांढरं आलंय तेच झाकण असतंय ना त्याचं. तू झाकण काढलं तर आतला चुना येणारच भाईर. त्याला म्हणलं आता धू परत पयल्यापासून."

आई म्हणाली, "जेवताना तरी हौद नको." पण मी अप्पांकडंच बघत होते. पद्धत बदलल्यापासून मी सेमिनारमध्ये, रिपोर्टमध्ये, सगळीकडं म्हणत आले होते की थरामुळं पेशी वाचतील. पण खरंच थरामुळं, की नुसतं इतके दिवस भिजल्यामुळं चुना कमी होतो म्हणून, हे कळायचा माझ्याकडं काही मार्गच नव्हता. माझ्या बारा चकत्या सगळ्या सारख्याच असणार होत्या ना. आणि आता माझ्याकडं नऊ अशा होत्या की ज्या भिजल्या जवळपास तेवढ्याच, पण थर नाही. आणि तीन, थरासकट. घासलेल्यांनी पेशी मारल्या आणि तिघींनी वाचवल्या, तर थराचं काम दिसतं. सगळ्यांनीच वाचवल्या तर मी चूक होते. सगळ्यांनीच मारल्या तर विषय बंद.

ताट बाजूला करून मी आपाला मेसेज करायला लागले. एकामागून एक, किती गेले मोजलं नाही, अर्ध्या शब्दांचे, चुकीच्या स्पेलिंगचे. बराच वेळ दोन निळ्या रेघा नुसत्या. मग एकच उत्तर आलं. "कल आ के मिल."

मंगळवारी आपानं मला तिच्या लॅबच्या दाराबाहेरच उभं केलं.

"तेरे सर को बोली?"

"नाही."

"क्यूं?"

"काल फोनवर मी त्यांना थर आहे म्हणाले."

"हौ. और मेरे को सच बोल रई." आपानं चष्मा वर केला. "मैं चोरी का माल नहीं रखती मेरे इन्क्युबेटर में. पैले उनको फोन लगा. यहीं. मेरे सामने."

"आपा, मी संध्याकाळी..."

"यहीं."

मी तिथं कॉरिडॉरमध्ये फोन लावला. आपा हाताची घडी घालून समोर. मी सगळं एका दमात सांगितलं, लाईट, फळी, नळ, शिळं पाणी, फक्त मावशींचं नाव सोडून.  सरांनी ऐकून घेतलं.

"काल तू म्हणालीस थर सगळीकडं सारखा आहे."

"तीन चकत्यांवर आहे सर."

"किती बाटल्या बघून म्हणालीस?"

"एक."

 मग म्हणाले, "बाटल्या त्या फळीवर तू ठेवल्या."

"हो सर."

"दोन्ही गट लाव. वेगळे. वहीत सगळं लिही, कालच्या फोनसकट. मी गुरुवारी तिकडंच येतो." आणि ठेवायच्या आधी, "मी आधी जे सांगितलंय ते तसंच आहे."

म्हणजे मेल्या तर बंद.

आपानं मान हलवली. "अब सुन. घिसी हुई जो हैं, उनको नल का पानी भी लगा. वो अलग बात हो गई. वो भी लिख." मी म्हणलं लिहिते. "और तीन बोले तो तीनच. एक भी टूटी तो मैं नहीं लगाती."

बुधवारी निर्जंतुक करायचं काम होतं. चकत्या वाळवून, छोट्या काचेच्या डब्यांत घालून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायच्या, तो म्हणजे एक मोठा प्रेशर कुकरच. नऊ पटापट झाल्या. चार नंबरची झाली. सात झाली. अकरा नंबर चिमट्यानं उचलली आणि ती चिमट्यात जराशी फिरली. टक असा आवाज आला, अगदी बारीक, नखानं कप वाजवावा तसा. कडेचा एक कपचा निघाला होता. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. त्या जागी आतलं पिवळसर दिसत होतं.

मी तो चिमटा किती वेळ तसाच धरून उभी होते माहीत नाही. मावशी फरशी पुसत होत्या. त्यांनी दोन दिवसांत दोनदा मला विचारलं होतं, काय झालं गं, आणि मी दोनदा काही नाही म्हणाले होते. आता त्यांनी विचारलं नाही. फडकं पिळलं आणि बादली उचलून दुसऱ्या खोलीत गेल्या.

अकरा नंबर तशीच डब्यात ठेवली. वहीत लिहिलं, कड तुटली, थर त्या जागी नाही. गुरुवारी आपानं डबा उजेडात धरून ती कड बघितली, माझ्याकडं बघितलं, परत कड बघितली. मला वाटलं आता परत देते.

"टूटी तो नहीं," ती म्हणाली. "चिल्टा निकला है. लगाती. लेकिन इसका नंबर मैं याद रखूंगी."

सर आले होते. बॅग तशीच खांद्यावर. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली, एवढंच. आपानं बारा चकत्या प्लेटच्या बारा खळग्यांत ठेवल्या आणि वरून ते केशरी-लाल पाणी सोडलं. पेशींवर ते दुसऱ्या दिवशी टाकणार होते, पण रंग आधीच बोलतो. आम्ही तिघं काचेपलीकडं उभे.  

वीस मिनिटांत घासलेल्यांपैकी पहिल्या खळग्याची कड गुलाबी झाली. मग दुसऱ्याची. मी मोजत होते. तासाभरात नऊच्या नऊ राणी कलर, काही गडद, काही फिकट. मला ते अपेक्षित होतं, अप्पांनी तेच सांगितलं होतं, पण तोच रंग मी आधी दोनदा पाहिला होता. चार केशरी. सात केशरी. अकरा केशरी, केशरी, आणि मग कडेनं एक गुलाबी रेघ, कपचा निघाला होता त्याच बाजूनं. ती पसरत होती पण हळू. सर काचेला नाक लावून बघत होते. मी सरांना असं कधी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी ते पाणी पेशींवर गेलं. शुक्रवारचं मला फारसं आठवत नाही, फक्त एवढं की मी बसमध्ये चुकीच्या स्टॉपला उतरले आणि शेंद्र्याजवळून चालत गेले.

शनिवारी दुपारी निकाल. शेवटी एक पिवळा रंग घालतात. जिवंत पेशी तो खाऊन जांभळा करतात, मेलेल्या पिवळा तसाच ठेवतात. जितकं जांभळं तितक्या जिवंत. आपानं मला आत घेतलं नाही. "तू हिल रई. बाहर बैठ." मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर. सर शेजारी पेपर तपासत होते. मला दिसत होतं की त्यांनी एकच पान चार मिनिटं उघडं ठेवलंय.

आपा प्लेट घेऊन आली, कागदाचा रुमाल खाली धरून. टेबलावर ठेवली. घासलेल्या नऊपैकी सात खळगे पिवळे, दोन जरासे मातकट. चार नंबर जांभळा. सात नंबर जांभळा, चारपेक्षा गडद. अकरा नंबर मधलाच काहीतरी, विटक्या वांग्यासारखा.

मला रडायला आलं नाही, हसायलाही नाही. मी परत परत चार आणि सात बघत होते, कारण मला भीती होती की नीट बघितलं तर तो रंग उतरेल.

"दो अच्छे जिये," आपा म्हणाली. "एक आधा जिया." मग सरांकडं वळून, "सर, मैंने पैली बार इसकी चकती पे बच्चे देखे."

सरांनी प्लेट फिरवून बघितली. "तीनवर काहीही सिद्ध होत नाही."

"नाही सर."

"नळाच्या पाण्याचा परिणाम वेगळा काढलेला नाही."

"नाही सर."

"कुठंही बोलायचं नाही. पोस्टर नाही, ग्रुपवर फोटो नाही." माझा फोन हातात होता. मी तो खिशात ठेवला. "विषय चालू राहील. नव्या चोवीस कर. निम्म्या मुद्दाम घासायच्या. काही नळाच्या पाण्यात, काही डिस्टिल्डमध्ये. तेव्हा बोलू."

विषय चालू राहील. हे तीन शब्द मी घरी जाईपर्यंत मनात म्हणत होते.

सोमवारी सर लॅबमध्ये आले ते माझी वही मागायला. उभ्या उभ्या वाचली. एका ओळीवर बोट ठेवलं. "'थर घासला गेला.' गेला म्हणजे? आपोआप?"

मी पेन उचललं.

"नव्या चकत्या तशाच घासायच्यात ना. मग कसं घासलं होतं ते पाहिजे. ब्रश? कापड? किती वेळ? कुणी केलं?"

मावशी दारातच होत्या, खिडकीच्या जाळ्या काढत. मी म्हणायला गेले, "सर, ते माझ्याच..." आणि मागून आवाज आला.

"मी घासलं."

त्या आत आल्या. हात पदराला पुसत. माझ्याकडं बघितलंच नाही. "रईवारी. तिच्या बाटल्या म्या धुतल्या. त्याचं काय झालं का?"

सरांनी वही खाली ठेवली.  एजन्सीचा नंबर सरांच्या टेबलाच्या काचेखाली असतो, ते मला आठवलं.

"बसा मावशी," सर म्हणाले. "कसं घासलं ते सांगा."

"चुकलं असंल तर..."

"चुकलं का नाही ते नंतर. कसं घासलं?"

मावशी स्टुलावर टेकल्या. उजवा हात पुढं केला, डाव्या तळव्यावर काहीतरी धरल्यासारखं केलं आणि अंगठा गोल फिरवला. "असं. खालच्या नळाखाली धरून."

"जोर लावून?"

"जास्त नाय. ताटाला खरकटं वाळल्यावर लावतो तेवढा."

सर माझ्याकडं वळले. "लिही." मी लिहायला लागले. "किती वेळ मावशी? एका टिकलीला?"

"आता घड्याळ लावून घासत्यात का काय?"

"अंदाजे लिहू?" मी विचारलं.

"अंदाजे कशाला?" मावशी आता माझ्याकडं वळल्या, आणि तेव्हा मला कळलं की त्या रागावल्यात, सरांवर नाही, माझ्यावर. "आठ दिवस तोंड पाडून हिंडतीस, मला वाटलं घरी कुणाचं काय झालं. एका शब्दानं सांगता आलं नाय तुला? आन् आता अंदाजे. म्या काय अंदाजे नाय घासलं. पांढरं जाईपर्यंत घासलं. नखानं बघितलं, उरलं नाय तवा ठिवली."

 "हेच लिही," सर म्हणाले. "पांढरं जाईपर्यंत, नखानं तपासून."

मी लिहिलं. मग 'कुणी केलं' त्या जागी पेन थांबलं आणि सर काही बोलायच्या आत मी मावशींकडं बघितलं.

"लिव्ह की," त्या म्हणाल्या. "माझं नाव घाल. पर येळंवर इचारत जा मला."